शब्दांच्या जन्मतारखा

‘व्याख्या लिहा. (प्रत्येकी २ गुण)’ हा प्रश्न मी विद्यार्थिनी म्हणून जितक्या वेळा सोडवला असेल, त्याच्या कित्येक पट वेळा शिक्षिका म्हणून तपासला आहे. सरंजामशाही. वसाहतवाद. क्रांती. सार्वभौमत्व. उत्तरं सगळी सारखीच येतात, घोटून पाठ केलेली, आणि गुण द्यावेच लागतात, कारण त्यांत चूक काहीच नसते. मला खटकतं ते वेगळंच. त्या उत्तरांत कुठे माणूसच नसतो. जणू हे शब्द कुणी उच्चारलेच नव्हते, आकाशातून थेट पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या शब्दसूचीत पडले.

माझीही शाळेत असताना अवघड शब्दांची एक वही होती. पान मधोमध दुमडायचं, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पुढे शिकवायला लागल्यावर कधीतरी मी त्याच वहीत पट्टीने तिसरा रकाना आखला: हा शब्द कधी जन्मला, आणि कुणाच्या तोंडून. तो भरायला मला वीसेक वर्षं लागली. अजून पुष्कळ जागा रिकाम्या आहेत. पण जागतिक इतिहास म्हणून मला जे काही थोडंफार उमगलं असेल, ते बरंचसं त्या तिसऱ्या रकान्यामुळे.

सुरुवात नेहमी शेपटापासून करावी, असं मी मुलांना सांगते. मराठीत समाजशास्त्राच्या निम्म्या शब्दांना एक तर ‘शाही’ची शेपटी असते, नाही तर ‘वाद’ची. राजेशाही, हुकूमशाही, सरंजामशाही, नोकरशाही, भांडवलशाही, लोकशाही. आणि राष्ट्रवाद, समाजवाद, साम्यवाद, साम्राज्यवाद. ‘शाही’ म्हणजे प्रत्यक्ष चाललेली व्यवस्था, सत्ता कुणाच्या हाती आहे त्याचं उत्तर. ‘वाद’ म्हणजे म्हणणं, मत, भूमिका. जगात तसं असो वा नसो, असावं असं कुणाला तरी वाटतं. एवढं लक्षात आलं की अर्धी पाठांतरं वाचतात. इंग्रजीत भांडवलशाही आणि समाजवाद या दोघांनाही एकच ‘इझम’ लागतो. मराठीने मात्र एकाला शाही दिली आणि दुसऱ्याला वाद. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, पण भाषेने नकळत नोंदवलेलं ते एक मत आहेच: एक राज्य करतं, दुसरा वाद घालतो.

आणि ही ‘शाही’ आली कुठून? फारसीतून, बादशहाचा जो ‘शाह’ तोच हा. म्हणजे ‘लोकशाही’ या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘लोकांची बादशाही’. जो शब्द आपण राजाला खाली उतरवण्यासाठी वापरतो त्याच्या शेपटीला राजा बांधलेला आहे. हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते. मुलं गोंधळली.

मूळ ग्रीक शब्दात राजा नाही. ‘देमॉस’ म्हणजे सामान्य लोक आणि ‘क्रातॉस’ म्हणजे बळ, सत्ता. पण तोही शब्द जन्मापासून पवित्र वगैरे नव्हता. ॲरिस्टॉटलने राज्यप्रकारांची विभागणी केली तेव्हा लोकशाही बिघडलेल्या प्रकारांत टाकली. त्याच्या लेखी ते गरिबांनी स्वतःच्या सोयीसाठी चालवलेलं राज्य होतं. त्याचं आणखी एक म्हणणं आजच्या विद्यार्थ्याला चक्रावून टाकतं. चिठ्ठ्या टाकून अधिकारी निवडणं हे लोकशाहीचं लक्षण, आणि मत देऊन निवडणं हे मूठभरांच्या राज्याचं. कारण उघड आहे. चिठ्ठीत कुणाचंही नाव निघू शकतं, निवडणुकीत मात्र आधीच नाव असलेल्याचंच निघतं. अथेन्समध्ये बहुतेक पदं खरोखरच चिठ्ठीने भरली जात. बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक या ‘लोकां’त धरलेच जात नव्हते, हे अर्थातच त्याच वाक्यात सांगायला हवं. मी ते पूर्वी पुढच्या तासाला सांगायचे. आता तसं करत नाही.

याच अथेन्समधून आलेला एक शब्द माझ्या वहीत फार मागे, वळणदार बालबोध अक्षरात लिहिलेला आहे: ऑस्ट्रासिझम. समोर अर्थ, ‘हद्दपारी’. अर्थ बरोबर असूनही इतका पोकळ असू शकतो, हे मला या शब्दाने शिकवलं. ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणजे खापराचा तुकडा. वर्षातून एकदा नागरिकांना विचारलं जाई, यंदा कुणाला शहराबाहेर काढायचं आहे का? हो म्हटलं की ठरलेल्या दिवशी ज्याने त्याने फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव कोरून टाकायचं. किमान ६००० खापऱ्या जमायला हव्यात. ज्याचं नाव सर्वांत जास्त वेळा निघेल त्याने दहा दिवसांत निघायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. गुन्हा सिद्ध करायचा नाही, आरोपपत्र नाही, वकील नाही. मालमत्ता मात्र जप्त होत नसे. दहा वर्षांनी आला की घर-जमीन त्याचीच.

ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेली अथेन्सचा पुढारी ॲरिस्टायडिस याची गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे, पण ती सांगितल्याशिवाय हा तास पुरा होत नाही. इ. स. पू. ४८२. मतदानाच्या दिवशी एका निरक्षर खेडुताने शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात खापरी दिली आणि म्हणाला, यावर ॲरिस्टायडिसचं नाव लिहून दे. तो शेजारचा माणूस म्हणजे स्वतः ॲरिस्टायडिस. त्याने विचारलं, त्याने तुझं काय वाकडं केलंय? खेडूत म्हणाला, काहीच नाही, मी ओळखतही नाही त्याला. पण जो तो त्याला ‘न्यायी, न्यायी’ म्हणतो, ते ऐकून कंटाळा आलाय. ॲरिस्टायडिसने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून दिलं आणि हद्दपार झाला.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती पुरातत्त्वाची. अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या उत्तरेच्या उतारावर एका विहिरीत सुमारे १९० खापऱ्या एकत्र सापडल्या. सगळ्यांवर थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्याच पुढाऱ्याचं नाव, आणि अक्षर पाहिलं तर ते मोजक्याच हातांचं. म्हणजे विरोधकांनी खापऱ्या आधीच लिहून तयार ठेवल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात द्यायला. लोकमत जसं जुनं, तसं घाऊक लोकमत तयार करण्याचं कसबही तितकंच जुनं.

एवढं सांगून मी दोन हजारांहून अधिक वर्षांची उडी मारते, कारण या शब्दाचा धाकटा भाऊ १८८० साली आयर्लंडमध्ये जन्मला.

मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराच्या इस्टेटीचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट बघत असे. पीक बुडालेलं, कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, जमीनदाराने १० टक्के देऊ केली. खंड न देणाऱ्यांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सप्टेंबरात एनिस गावच्या सभेत आयरिश नेता पार्नेल याने जमलेल्या लोकांना विचारलं होतं, शेजाऱ्याला हुसकावून काढलेली जमीन जो घेईल त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आले, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून बरा मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी प्रार्थनेच्या जागीही त्याला एकटं पाडा. मेयोतल्या लोकांनी हा मार्ग बॉयकॉटवर आजमावला. घरची नोकरमाणसं निघून गेली. शेतमजूर येईनात, दुकानदार माल देईनात, धोबीण कपडे धुवेना. पीक शेतात उभं. शेवटी ते काढायला अल्स्टर प्रांतातून पन्नासेक स्वयंसेवक आणवले गेले, आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक आणि पोलिस. बटाटे-सलगमांच्या त्या पिकाच्या किमतीपेक्षा ते काढायचा खर्च कितीतरी पटींनी जास्त झाला. डिसेंबर उजाडता उजाडता बॉयकॉट देश सोडून गेला.

आता तिसऱ्या रकान्यातली नोंद. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार तिथल्या फादर जॉन ओमॅली या धर्मगुरूंबरोबर जेवत होता. जेवताना तो थबकला. फादरनी कारण विचारलं. तो म्हणाला, एका शब्दासाठी अडलोय. या प्रकाराला ‘ऑस्ट्रासिझम’ म्हणावं तर शेतकऱ्यांना ते कळायचं नाही. फादर क्षणभर थांबले आणि म्हणाले, मग ‘त्याला बॉयकॉट करा’ असं म्हटलं तर?

अथेन्सचा शब्द जड झाला म्हणून बाजूला पडला आणि एका माणसाचं आडनाव क्रियापद झालं. पाहता पाहता ते फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांत शिरलं. बॉयकॉट स्वतः १८९७ पर्यंत जगला. आपलं आडनाव सगळीकडे लहान अक्षरांत छापलं जातंय हे रोज वर्तमानपत्रात वाचताना त्याला काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनात हटकून येतो. इतिहासाच्या दृष्टीने तो निरर्थक आहे, तरीही येतो.

मराठीत आपण याला ‘बहिष्कार’ म्हणतो, आणि इथे भाषांतरात एक गोम आहे. बहिष्कार हा शब्द जुना. बहिः म्हणजे बाहेर, बाहेर टाकणं. तो बहुधा बलवानांनी दुबळ्यांवर टाकलेला असे. मेयोत झालं ते उलटं, जमीन नसलेल्यांनी जमीनवाल्याला वाळीत टाकलं. एकच शब्द दोन्ही दिशांना चालतो, म्हणून व्याख्या लिहिताना ‘कुणी कुणावर’ हे लिहिल्याशिवाय मी दुसरा गुण देत नाही.

‘क्रांती’ हा शब्द मी नववीच्या वर्गाला शिकवते तेव्हा फळ्यावर आधी सूर्य काढते. संस्कृतात ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडून जाणं. संक्रमण, अतिक्रमण, आक्रमण ही सगळी त्याच घरातली. आणि आपल्या ज्योतिर्गणितात सूर्याच्या भासमान मार्गाला म्हणतात क्रांतिवृत्त. गंमत अशी की युरोपीय शब्दही आकाशातूनच उतरला. कोपर्निकसचा १५४३ चा ग्रंथ आकाशस्थ गोलांच्या ‘रेव्होल्यूशन’विषयी आहे, म्हणजे परिभ्रमणाविषयी. फिरून पुन्हा मूळ जागी येणं. १६६० मध्ये इंग्लंडात राजेशाही परत आली, त्या परतण्यालाही हाच शब्द लावला गेला. आपल्या अगदी उलट! जुनं उलथून नवं आणणं हा अर्थ पक्का झाला तो १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर. पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पडल्याचं कळल्यावर राजा सोळाव्या लुईने विचारलं, हे बंड आहे का, आणि एका सरदाराने उत्तर दिलं, नाही महाराज, ही क्रांती आहे, असं सांगतात. संवाद घडला असो वा नसो, त्या उन्हाळ्यात शब्दाने कूस बदलली हे खरं.

त्या एका उन्हाळ्याने आपल्या वहीची किती पानं भरली! राजाला नकाराधिकार असावा की नसावा यावर राष्ट्रीय सभेत वाद झाला, तेव्हा राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि विरोधातले डाव्या हाताला बसू लागले. ‘डावे’ आणि ‘उजवे’ एवढ्यावरून आले, बसायच्या जागेवरून. आणि चारेक वर्षांनी जी दहशतीची राजवट आली, तिच्यावरून ‘टेररिझम’. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या १७९८ च्या पुरवणीत त्याचा अर्थ दहशतीची शासनपद्धत असा दिला आहे. म्हणजे दहशतवाद हे आधी सरकारच्या कामाचं नाव होतं. ते विरोधकांच्या गळ्यात नंतर पडलं. मराठीत इथे ‘वाद’ लावला आहे. ‘दहशतशाही’ म्हटलं असतं तर त्या पहिल्या अर्थाला जास्त शोभलं असतं.

एकदा मध्ययुगाचा धडा चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, त्या लोकांना माहीत होतं का, की आपण मध्ययुगात आहोत?” वर्ग हसला. मुलाला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. त्या तासाला मी पुस्तक मिटलं, कारण याहून चांगला प्रश्न मला त्या वर्षात कुणी विचारला नाही.

नव्हतं माहीत. माहीत असणं शक्यच नव्हतं. ‘मध्य’ म्हणायला दोन्हीकडे काहीतरी लागतं. ग्रीक-रोमन वैभव आणि आपण, या दोहोंच्या मधला काळोख, अशी कल्पना पेट्रार्क या कवीपासून इटालियन पंडितांनी रुजवली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस सेलारियस या जर्मन अध्यापकाने प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन अशी तीन खणांची मांडणी पाठ्यपुस्तकात पक्की केली. नाव ठेवणारे शेवटच्या खणातले. स्वतःच्या खणाला कुणी काळोख म्हणत नाही.

बायझंटाइन साम्राज्याचं तर याहून नवल. १४५३ मध्ये त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंत तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत. ग्रीक बोलायचे, पण होते रोमन. त्या सबंध साम्राज्याला ‘बायझंटाइन’ हे नाव हीरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानाने १५५७ च्या ग्रंथात रूढ केलं, साम्राज्य संपून शंभर वर्षं उलटल्यावर. हजार वर्षं एका नावाने जगलेल्यांना मेल्यावर दुसऱ्याच नावाने हाक.

‘प्रबोधन’चा घोळ निराळा. वसारी या इटालियन चित्रकाराने १५५० मध्ये कलेच्या संदर्भात ‘पुनर्जन्म’ अशा अर्थाचा इटालियन शब्द वापरला. एका सबंध युगाचं नाव म्हणून ‘रेनेसाँ’ला प्रतिष्ठा दिली ती एकोणिसाव्या शतकात, मिशले आणि बुर्कहार्ट या इतिहासकारांनी. मराठीने त्यासाठी ‘प्रबोधन’ घेतला, म्हणजे जागं होणं. पुनर्जन्म आणि जाग यांत फरक आहे. मेलेला जन्मतो, झोपलेला जागा होतो. त्यात काहींनी अठराव्या शतकातल्या विवेकवादी विचारांनाही, तत्त्वज्ञ कांटच्या त्या १७८४ च्या प्रसिद्ध निबंधाच्या विषयालाही, प्रबोधनच म्हटलं. त्यामुळे पंधराव्या शतकातला लिओनार्दो आणि अठराव्यातला व्हॉल्टेअर एकाच शब्दाखाली राहतात आणि मुलं त्यांना समकालीन समजतात. मी दुसऱ्यासाठी ‘ज्ञानोदय’ वापरते. परीक्षकांना तो चालेल का, ही धाकधूक असतेच.

पण सगळ्यांत अवघड ‘सरंजामशाही’. सरंजाम हा मराठेशाहीतला अस्सल कारभारी शब्द: सरदाराने फौज बाळगावी म्हणून त्याला तोडून दिलेला मुलखाचा महसूल. युरोपातल्या ‘फ्यूडल’ व्यवस्थेसाठी आपण तो उचलला, आणि उचलताना त्याच्याबरोबर घोडे, तंबू, पागा सगळं आलं. मुलांच्या डोळ्यांसमोर फ्रान्सचा बॅरन नसतोच, सरदारच असतो. बरं, मूळ शब्द तरी त्या काळचा आहे का? बाराव्या शतकातल्या कुणी आपण सरंजामशाहीत राहतो असं म्हटलेलं नाही. जमिनीच्या कायद्यांची जुनी कागदपत्रं चाळणाऱ्या विधिज्ञांनी नंतरच्या शतकांत ती कल्पना बांधली, आणि ऑगस्ट १७८९ मध्ये फ्रेंच सभेने ‘सरंजामी व्यवस्था’ समूळ नष्ट केल्याचं जाहीर केलं तेव्हा कुठे तिला ठसठशीत चेहरा आला. १९७४ मध्ये एलिझाबेथ ब्राउन या इतिहासकार बाईंनी तर लिहिलं की हा शब्द इतक्या परस्परभिन्न गोष्टींवर पांघरूण घालतो की तो टाकूनच द्यावा. तो काही टाकला गेला नाही. प्रश्नपत्रिकेत दर वर्षी येतो.

काही शब्द दिसायला इतके साधे असतात की वहीत लिहावेसेच वाटत नाहीत. ‘वसाहत’ घ्या. वसणे, वस्ती, वसाहत. किती सोज्वळ कुळ! लॅटिन ‘कोलोनिया’ही तसाच, शेत कसणाऱ्यांची वस्ती. त्यामुळे वसाहतवाद म्हणजे दूर जाऊन घरं बांधणं असं मुलांना वाटत राहतं. आधी तिथे कोण वसत होतं, हे शब्द सांगत नाही. काँगोचं उदाहरण मी याचसाठी देते. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेचे नियम ठरले. टेबलाभोवती आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्याच सुमारास बेल्जियमच्या दुसऱ्या लिओपोल्डने एक अवाढव्य प्रदेश जवळजवळ खाजगी मालमत्ता म्हणून मिळवला आणि १९०८ पर्यंत रबरापायी तिथल्या माणसांचे अनन्वित हाल केले. त्या प्रदेशाचं अधिकृत नाव काय? काँगो मुक्त राज्य. राज्याच्या नावातलं विशेषण हा पुरावा नसतो.

आणि ‘शोध’! कोलंबसने अमेरिकेचा शोध लावला, एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला, हरवलेल्या मुलाचा शोध चालू आहे. मराठीत तिन्ही शोधच. नव्हतं ते घडवणं, होतं ते सापडणं आणि सापडत नाही ते धुंडाळणं, सगळं एकाच पोत्यात. १२ ऑक्टोबर १४९२ ला किनाऱ्यावर उभ्या असलेल्या तैनो लोकांच्या बाजूने पाहिलं तर यातला एकही अर्थ बसत नाही. त्यांच्या लेखी त्या सकाळी काही अनोळखी माणसं वाट चुकून आली होती. ती त्यांना इंडियन म्हणू लागली, कारण आपण पोचलो कुठे हेच त्यांना कळलं नव्हतं.

‘गुलाम’ हा अरबी शब्द, मूळ अर्थ मुलगा, पोरगा. इंग्रजी ‘स्लेव्ह’ आला स्लाव्ह लोकांवरून, कारण मध्ययुगात त्यांना मोठ्या संख्येने पकडून विकलं जाई. एका भाषेत वय, दुसऱ्या भाषेत वंश, आणि दोन्हीकडे माणूस गायब. ‘बर्बर’ हा शब्द मात्र ग्रीक आणि संस्कृत दोन्हींत जवळपास सारखाच आहे, आणि दोन्हीकडे अर्थ तोच: ज्याचं बोलणं आपल्याला नुसतं बडबड वाटतं, असा परका. समोरच्याची भाषा येत नाही यात दोष कुणाचा, यावर एवढ्या दोन थोर संस्कृतींचं एकमत झालं!

काही नावं चक्क चुकीची आहेत आणि तशीच चालतात. शतवार्षिक युद्ध १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षं. ऑक्टोबर क्रांती आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली, कारण रशिया तेव्हा जुनी ज्यूलियन कालगणना पाळत होता. शीतयुद्ध कोरिया आणि व्हिएतनाममध्ये मुळीच शीत नव्हतं. ‘राज्य’ आणि ‘राष्ट्र’ यांची तर आपण कायमची अदलाबदल करून टाकली आहे: संयुक्त राष्ट्रे ही खरं म्हणजे सार्वभौम राज्यांची सभा, आणि तुर्कस्तान, इराक, इराण, सीरिया यांत विखुरलेल्या कुर्दांसारख्या, स्वतःला राष्ट्र मानणाऱ्या लोकांना तिथे खुर्ची नाही.

‘तिसरं जग’ या शब्दावर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण त्याच्या बाबतीत मी स्वतः वर्षानुवर्षं चूक शिकवली. पहिलं जग श्रीमंत भांडवलशाही देशांचं, दुसरं साम्यवाद्यांचं, तिसरं उरलेल्या गरिबांचं. तिसरं म्हणजे तिसऱ्या दर्जाचं, असं मी बिनदिक्कत सांगत आले. मग एकदा आल्फ्रेड सोव्ही या फ्रेंच लोकसंख्यातज्ज्ञाचा १९५२ चा लेख समजून घेण्याचा योग आला, जिथून हा शब्द निघाला. त्याच्या मनात क्रमांक नव्हताच. त्याच्या मनात १७८९ होतं. फ्रान्समध्ये पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा बाकी सगळ्यांचा, म्हणजे जवळजवळ अख्ख्या देशाचा. तीन वर्गांना एकेक मत, त्यामुळे पहिले दोघे एकत्र आले की तिसरा कायम हरलेला. त्या वर्षाच्या आरंभी सीयेस या धर्मगुरूने पत्रक काढून विचारलं होतं: तिसरा वर्ग म्हणजे काय? सर्वकाही. आजवर त्याला स्थान काय होतं? काहीच नाही. त्याला काय हवं आहे? काहीतरी होणं. सोव्हीने हेच वाक्य उचलून म्हटलं, हे तिसरं जगही त्या तिसऱ्या वर्गासारखं दुर्लक्षित, शोषित, तुच्छ लेखलेलं आहे, आणि त्यालाही काहीतरी व्हायचं आहे.

म्हणजे तो शब्द हिणवणारा नव्हता. इशारा होता. ज्या बॅचेसना मी उलटं शिकवलं त्यांना आता कुठे गाठू?

वहीतला शेवटचा शब्द ‘वंशसंहार’. त्याची जन्मतारीख इतकी नेमकी मिळते की अंगावर काटा येतो. ऑगस्ट १९४१ मध्ये चर्चिलने रेडिओवरच्या भाषणात नाझी फौजा रशियात करत असलेल्या कत्तलींविषयी म्हटलं होतं की आपण एका निनावी गुन्ह्यासमोर उभे आहोत. हत्या होत्या, कत्तली होत्या, हत्याकांडं होती. हे सगळे शब्द होतेच. पण एखादा समूहच्या समूह पृथ्वीवरून पुसायचा बेत आखून माणसं मारणं, त्यांच्या शाळा, भाषा, देवळं, मुलं-बाळं सगळं मोडून काढणं, याला शब्द नव्हता. पोलंडमधून निसटून स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचलेल्या राफाएल लेम्किन या ज्यू कायदेतज्ज्ञाने तो घडवला. १९२१ मध्ये बर्लिनला एका आर्मेनियन तरुणावर ओस्मानी मंत्री तलात पाशाचा खून केल्याबद्दल खटला चालला होता. एका माणसाला मारणं हा गुन्हा, पण लाखो आर्मेनियनांना मारणाऱ्यावर खटला चालवायला कायदाच नाही, हा प्रश्न लेम्किनला तेव्हापासून सतावत होता. ग्रीक ‘गेनॉस’, म्हणजे वंश, कुळ. त्याला लॅटिनमधली हत्येची शेपटी. ‘जेनोसाइड’. शब्द छापून आला १९४४ च्या त्याच्या ग्रंथात, नवव्या प्रकरणाचं शीर्षक म्हणून. तो हे लिहीत होता तेव्हा त्याच्या स्वतःच्या कुटुंबातल्या चाळीसहून अधिक माणसांचा त्याच प्रकारे अंत होत होता.

न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालला, त्याच्या आरोपपत्रात तो शब्द आला. निकालपत्रात मात्र आला नाही. लेम्किन मग वेड लागल्यासारखा संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या मागे लागला, पत्रं लिहीत, दालनांच्या बाहेर तिष्ठत. ९ डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर झाला, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या आदल्या दिवशी. करारातली व्याख्या चार प्रकारच्या समूहांना लागू होते: राष्ट्रीय, वांशिक, मानववंशीय आणि धार्मिक. राजकीय गट वाटाघाटीत गळाले. त्यात समूहातली मुलं जबरदस्तीने दुसऱ्या समूहात नेणंही येतं, म्हणजे एकही माणूस न मारता हा गुन्हा होऊ शकतो. मराठी ‘संहार’ शब्दात हे मावत नाही. संहार म्हटला की रक्त आलंच पाहिजे. ‘वंशविच्छेद’ हा पर्याय म्हणून मला जरा बरा वाटतो, पण रुळला तो वंशसंहारच.

गेल्या वर्षी हे सगळं सांगून झालं, तास संपायला पाचेक मिनिटं होती. फळ्यावर १९२१, १९४१, १९४४, १९४८ अशी चार सालं एकाखाली एक उरली होती. पहिल्या बाकावरची मुलगी, जी सगळं टिपून घेते, ती वहीतून मान वर करून म्हणाली, “बाई, पण दोन गुणांना यातलं किती लिहायचं?”

मी फळ्याकडे पाहिलं. “दोन ओळी,” म्हटलं.

तिने पान उलटलं, नव्या पानावर पट्टी ठेवली आणि तीन रकाने आखायला घेतले.